रुखमाने घासलेल्या राण्या

करडी गावची रुखमा लग्नघरची भांडी घासायची. चिंच, राख आणि विटेची भुकटी. तिच्या हातून निघालेल्या पितळी घागरीत बघून बायांनी कुंकू लावावं! गोंदिया जिल्हा वेगळा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. तुमसरला राइस मिल असलेल्या मारोतरावांचं शेततळं करडीत होतं. त्याचा गाळ उपसताना रुखमाला कांस्याची तीन नाणी सापडली. मी गावचा मास्तर, म्हणून ती माझ्याकडे आली. एका बाजूला अंबाडा घातलेली रोमची राणी, दुसऱ्या बाजूला हातात कणसं धरलेली देवी.

"तहसीलात नेऊन दे," मी म्हणालो. "आणि हा हिरवा थर घासू नको. घासलं की नाणं मेलं."

ती तहसीलात निघाली, तर मोहाडीच्या बाजारातच मारोतरावांनी तिला गाठलं. चारचौघांत पदर झाडायला लावला, चोट्टी म्हणाले आणि नाणी काढून घेतली. पेपरात फोटो त्यांचाच आला. मी त्या बाजारात हजर होतो आणि माझी दातखीळ बसली होती. त्याची लाज मला अजून वाटते.

रुखमा रडली नाही. "पाहीन मी याले," एवढंच म्हणाली.

दिवाळीच्या तोंडावर मारोतरावांनी तिलाच बोलावलं. नागपूरहून एक जाणकार साहेब नाणी बघायला येणार होते. आमच्याकडे पाहुण्यापुढे काळवंडलेला तांब्यासुद्धा ठेवत नाहीत, मग नाणी कशी ठेवणार? मारोतरावांनी हुकूम सोडला, "सोन्यावानी चमकव."

सगळे म्हणाले, जाऊ नको. ती गेली. अख्खी दुपार तिने ती तीन नाणी घासली. इतका जीव लावून तिने कुणाच्या लग्नाचीही भांडी घासली नसतील.

साहेब आले तेव्हा मीही तिथे होतो. त्यांनी भिंग लावलं आणि लगेच खाली ठेवलं. "हे कुणी केलं? राणीचा चेहरा गेला, देवी गेली. आता या नुसत्या चकत्या आहेत."

रुखमा मागच्या दारातून हात पुसत आली.

"म्याच घासले जी. घासलं का नाणं मरते, हे मले मास्तरनं आंधीच सांगतलं होतं."

"मंग मले काहून नाई सांगतलं?" मारोतराव किंचाळले.

"चोट्टीचं कोन आयकते, मालक?"