कप्तानीणबाईचा जिल्हा

पारूबाईला कुणी आवडती मालिका विचारली, की ती एकच नाव घेते आणि विचारणारा हसतो. साठीला टेकलेल्या, पाटीपेन्सिल कधी हाती न धरलेल्या बाईनं सासूसुनांची नाहीतर देवादिकांची मालिका सांगावी, अशी लोकांची समजूत. पारूबाई सांगते, ‘अंबर के मुसाफिर’. पृथ्वीवरचं पाणी संपतं आणि मूठभर माणसं यानात बसून ताऱ्यांमध्ये पाणी शोधत फिरतात, त्याची गोष्ट. नांदेडला लेकाच्या घरी भिंतीएवढा टीव्ही आला. त्यावर देशोदेशीची यानं उडाली, पण तिच्या पसंतीला एक उतरलं नाही. “ह्येंच्यात कुणाला तहानच लागत न्हाई,” ती म्हणते. “आमच्या कप्तानीणबाईच्या यानात भांडी राखेनं घासायचे.”

यानात राख कुठून आली, हे तिला विचारायचं नाही.

ही मालिका तिनं पाहिली ती चाकूरकडच्या तिच्या गावात, सत्त्याऐंशीच्या दुष्काळात. लातूर नवा जिल्हा होऊन चार-पाच वर्षं झाली होती. कमानी उभारून झाल्या होत्या, भाषणं झाली होती, आता सगळं जवळ आलं म्हणून पेढे वाटून झाले होते. कचेरी जवळ आली हे खरं. पाणी मात्र होतं तिथून आणखी लांब गेलं. टँकरसाठी घागरी रांगेत लावून माणसं कामाला जायची. गावाची रांग वेगळी, बौद्ध वस्तीची वेगळी आणि मागची. दुष्काळ सगळ्यांना सारखा असतो म्हणणाऱ्यानं ती दुसरी रांग पाहिलेली नसते.

रविवारी सकाळी ग्रामपंचायतीच्या खोलीत सरकारी टीव्ही लागायचा. वस्तीतली पारू उंबऱ्यापाशी बसायची. आत भिंतीला टेकून केवळाबाई असायची. ती पन्नास एकरवाल्या घरची सून, पण त्या साली पन्नास एकरात कुसळही उगवलं नव्हतं, म्हणून तीही रोजगार हमीवर खडी फोडायला यायची. दोघी एका वयाच्या. मालिका हिंदीत. एकीला अर्धी कळायची, दुसरीला उरलेली अर्धी, आणि आठवडाभर एका ढिगावर हातोडा चालवत दोघी ती जोडून पुरी करायच्या.

“पारू, ती मागं का वळली गं?”

“तिचं मानूस मागं ऱ्हायलं की, बाई. तुमचं ध्यान कुटं हुतं?”

केवळाबाई पारूला ‘तू’ म्हणायची, पारू तिला ‘तुमी’. यात काही आहे असं दोघींपैकी कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. निदान एकीच्या तरी नव्हतं.

शेवटचा भाग लागला. यान पृथ्वीकडे परतलं, कप्तानीणबाई भेगाळलेल्या जमिनीवर उतरली, आणि बाहेर कुणी तरी ओरडलं, टँकर आला. खोली क्षणात रिकामी झाली. मागं उरला एकटा नागप्पा शिपाई, कारण सरकारी टीव्ही उघडा टाकून जायची त्याला बंदी होती. पाणी भरून झाल्यावर साऱ्या गावानं त्याला घेरलं.

“शेवटी काय झालं, नागप्पा?”

नागप्पाचा बाप निजामाच्या तहसिलीत चपरासी होता, त्यामुळं गावात उर्दू-हिंदीत त्याचा शब्द प्रमाण. तो छाती काढून म्हणाला, “मूठभर माती हातात घेतली आन् म्हणली, मैं इस धरती को जिला दूँगी. जिल्हा देते म्हणली. धरतीला.”

गावाला पटलं. गावालाही नुकताच मिळाला होता.

पारूचं डोकं मात्र फिरलं. एवढे तारे पालथे घातले आणि शेवटी दिलं काय, तर जिल्हा? दुसऱ्या दिवशी ढिगावर तिनं कप्तानीणबाईचा पार उद्धार केला. बाई निघाली सायबाच्याच जातीची, म्हणाली.

केवळाबाई मान हलवत राहिली. “ती असं करायची न्हाई. नागप्पानं उलटं ऐकलं असंल.”

“सगळे असंच करत्यात.”

“ती न्हाई करायची. मला ठाव हाय.”

“तुला काय ठाव हाय गं, केवळे? तुझी घागर पुढच्या रांगंत!”

आसपासचे हातोडे थांबले. केवळाबाई उठली, पदर झटकला आणि पलीकडच्या ढिगावर जाऊन बसली. पारूला बायांनी सांगून पाहिलं, जाऊन दोन शब्द बोल, मोठं घर आहे. ती म्हणाली, “माफी कशाची? ती मला रोजच तू म्हणती की.” आणि जन्मात भेटलेली एकुलती एक जोडीदारीण तिनं अशी घालवली. रडलीही, पण घरी.

वर्षं गेली. पारूबाईचा लेक नोकरीला लागला, ती नांदेडची झाली. केवळाबाई लेकाकडे लातूरला गेल्याचं कानावर आलं, एवढंच. मग लातूरला रेल्वेनं पाणी जायला लागलं, त्या उन्हाळ्यात सून पंचशीला एका दुपारी मोबाईल घेऊन आली. “आत्या, तुमची मालिका कुणीतरी टाकलीय. शेवटचा भाग हाय.”

पारूबाईनं चष्मा लावला. कप्तानीणबाई उतरली, माती उचलली, बोलली. शब्द अगदी नागप्पानं सांगितला तोच.

“बघ, जिल्हाच दिला,” पारूबाई म्हणाली.

पंचशीला शाळेत हिंदी शिकवते. ती हसायला लागली. “जिल्हा न्हाई ओ, आत्या. जिलाना म्हंजे जितं करणं. ह्या धरतीला मी परत जितं करीन, असं म्हणतीय ती.”

पारूबाईनं चष्मा काढून ठेवला. कप्तानीणबाईवर तिनं उभा जन्म राग धरला होता, तो फुकट गेला. त्याचं एवढं नाही. पण केवळा बरोबर होती, आणि हे तिला सांगायला हवं होतं. सांगायला जावं तर वाटणार, इतक्या वर्षांनी ‘तू’ची माफी मागायला आली. आणि माफी तर पारूबाई मेली तरी मागणार नव्हती. न जावं, तर खरं माहीत असून गिळल्यासारखं होणार.

दोन दिवसांनी ती पंचशीलेला घेऊन लातूरच्या एसटीत बसली. पायाशी पाण्याचा कॅन, कारण त्या दिवसांत लातूरला रिकाम्या हातानं कुणी जात नव्हतं. वाटभर ती मनात वाक्यं जुळवत होती, ज्यांत ना ‘तू’ येईल ना ‘तुमी’.

केवळाबाई बाजेवर होती, गुडघे गेलेले. ओळखलं तिनं. “पारू व्हय?”

“हाव. तब्येत बरी हाय नव्हं?” पारूबाई म्हणाली. जुळवलेल्यांपैकी हे पहिलं. केवळाबाईच्या सुनेनं कॅन दोन्ही हातांनी उचलून आत नेला.

मोबाईल पुढं धरला. पंचशीलेनं अर्थ सांगितला. केवळाबाईनं तो भाग दोनदा पाहिला.

“मी म्हणलंच हुतं,” ती म्हणाली.

“म्हणलं हुतं खरं. माझंच चुकलं, कप्तानीणबाईच्या बाबतीत.” हे शेवटचे शब्द पारूबाईनं सावकाश उच्चारले.

केवळाबाईच्या ते ध्यानात आलं. ती पडद्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “त्या दिवशी लई राग आला हुता मला. चार बायांत.”

“ठाव हाय मला.”

“अजून येतो थोडा.”

पारूबाईची जुळवलेली वाक्यं संपली होती. ती बाजेच्या कडेला, केवळाबाईच्या पायाशी नव्हे, शेजारी टेकली.

“येऊ दे,” ती म्हणाली.

केवळाबाईनं तिच्याकडे वळून पाहिलं, आणि थोडी सरकून तिला जागा करून दिली.