चमच्याचे दोन ठोके

माझी नणंद रडत माझ्या दारात आली त्या दिवशी मी घाबरले, आणि मग मनातल्या मनात जराशी सुखावलेही. खोटं कशाला बोलू? बावीस वर्षं या बाईने माझ्या स्वयंपाकघरात पाऊल टाकताक्षणी "वहिनी, दूध लागलंय" किंवा "वहिनी, फ्रीजमध्ये काहीतरी खराब झालंय" असं म्हणून माझं डोकं फिरवलं होतं. आणि दरवेळी ते खरं निघायचं, हा त्यातला खरा जाच.

आमच्या गावाच्या कोपऱ्यावर एक रेस्टॉरंट आहे. गाव केवढंसं, पण रविवारी सकाळी आसपासच्या गावांतून लोक गाड्या काढून येतात. दाराशी पाटी असते, तिच्यावर खडूने नाव लिहायचं आणि फुटपाथवर ताटकळत उभं राहायचं. कशासाठी, तर वन्संच्या हातच्या ऑम्लेटसाठी. तिथे सगळे त्यांना 'नाकवाली' म्हणतात. विशीत असताना त्या तिथे काम मागायला गेल्या, तेव्हा मालकाच्या आईने त्यांना भांडी घासायला ठेवायचं ठरवलं होतं. पण जाता जाता वन्संनी लोण्याचा नवा डबा उघडायच्या आधीच सांगितलं, की हे खवट आहे. डबा उघडला, खवट निघालं. म्हातारीने त्यांना थेट अंड्यांच्या खोलीत, म्हणजे ऑम्लेटांच्या शेगड्यांपाशी, नेऊन उभं केलं. वन्संनी लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही. शिंप्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या आणि ही अंड्यांची खोली, एवढाच त्यांचा संसार.

त्यांची पद्धत ठरलेली. अंडं वाटीत फोडायचं, वाटी नाकाशी न्यायची, मग मोठ्या पातेल्यात ओतायचं. साठ अंड्यांत एक नासकं निघालं तर सगळं पातेलं वाया, आणि लक्षात आलं नाही तर हॉलभर माणसं आजारी. बावीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं.

"वास येत नाही मला," त्या म्हणाल्या. "ताप आला होता ना, तेव्हापासून. तीन आठवडे झाले. कॉफीच्या डब्यात नाक घातलं तरी नुसती हवा."

"डॉक्टर काय म्हणाले?"

"येईल म्हणाले. नाहीतर येणार नाही म्हणाले."

"मग मालकांना सांगा की."

"आणि काय करू? मला दुसरं येतं काय, वहिनी? नाक गेलं तर माझ्यात उरलं काय?"

नाकावर माशी बसू न देणारी ही बाई माझ्या पदराने डोळे पुसत होती. तीन आठवडे वन्सं नुसत्या डोळ्यांच्या आधारावर काम भागवत होत्या. अंडं आधी पाण्याच्या पातेल्यात सोडायचं, तरंगलं तर फेकायचं. मग फोडून पिवळ्याचा रंग निरखायचा. पण रविवारच्या घाईत त्यांचा स्वतःवर भरवसा नव्हता. झोप उडाली होती. म्हणून त्यांनी एक युक्ती काढली होती आणि त्या युक्तीत मी होते.

अंड्यांच्या खोलीची एक खिडकी हॉलमध्ये उघडते, तिथून प्लेटा बाहेर येतात. त्या खिडकीला खेटून दोन माणसांचं टेबल आहे. रविवारी मी तिथे गिऱ्हाईक म्हणून बसायचं. वन्सं पाच-सहा अंडी एका वाटीत फोडून ती कठड्यावर ठेवतील, मी सहज वाकल्यासारखं करून वास घ्यायचा. ठीक असेल तर चमचा प्लेटवर एकदा वाजवायचा. दोनदा वाजवला तर ओतून टाकायचं. तिसरं काही आम्ही ठरवलंच नाही. ठरवायला हवं होतं, हे आता कळतंय.

रविवारी आठला मी जाऊन बसले.  टेबल अडवायचं तर खायला हवं, म्हणून मी साडेदहापर्यंत दोन ऑम्लेटं, चार टोस्ट आणि तीन कॉफ्या रिचवल्या. वाढपी माझ्याकडे अशा नजरेने बघत होता की जणू मी त्याच्या घरी मुक्कामाला आले आहे. काचेबाहेर रांगेतली माणसं माझ्या प्लेटवर डोळे लावून उभी. दर दहा मिनिटांनी कठड्यावर वाटी यायची, मी वाकायची, चमचा एकदा वाजवायची. प्रत्येक वेळी मनात यायचं, आपलंच नाक दगा देत असेल तर?

साडेदहाला तिथे एक रीत आहे. अंड्यांची खोली पाव तास बंद ठेवतात. शेगड्या विझवायच्या, तवे घासायचे, दुसऱ्या पंगतीसाठी ताजं मिश्रण करायचं आणि मग पुन्हा पेटवायचं. वन्संनी शेगड्या विझवल्या, डोक्यावरचा पंखाही बंद केला. पाण्याचं पातेलं त्यांनी दुसऱ्या शेगडीवरच ठेवलं होतं, कारण नव्या पद्धतीला जागा कुठून आणणार? त्या वाकून वाकून एकेक अंडं पाण्यात सोडत होत्या. वाटी नाकाशी नेताना माणूस ताठ उभा असतो. पाण्यात डोकावायचं तर शेगडीवर ओणवं व्हावं लागतं. दर वेळी त्यांचं पोट शेगडीच्या बटणावर दाबलं जात होतं आणि सरळ होताना ते जुनं, ढिलं बटण थोडं थोडं फिरत होतं. हे मला तेव्हा दिसलं नाही. नंतर मालकाने करून दाखवलं.

कठड्यावर वाटी आली. मी वाकले आणि एक उग्र वास भसकन नाकात शिरला. अंड्याचा वास नव्हता हा. पण मी सांगितल्या कामाला जुंपल्यासारखी फक्त अंडंच हुंगायला बसले होते. मी चमचा दोनदा वाजवला.

वन्संचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी वाटी ओतून टाकली, दुसरी ठेवली. वास आणखी तीव्र झाला होता. मी पुन्हा दोनदा वाजवला, जोरात. त्यांनी तीही ओतून टाकली. तिसरी ठेवलीच नाही. घड्याळाकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले आणि खिशातून लायटर काढला.

तेव्हा मला कळलं. गॅस. खालच्या खालीच तो खोलीत साचला होता, खिडकीतून माझ्याकडे येत होता आणि त्याच्या मधोमध उभ्या असलेल्या बाईला त्याचा पत्ता नव्हता. आणि एवढं कळूनही मी एक क्षण गप्प बसले. ओरडले तर सगळ्यांना कळेल, असं माझ्या मनात आलं. खरंच आलं. त्या क्षणाची मला आजही भीती वाटते.

वन्संनी लायटर शेगडीकडे नेला. मी खिडकीतून दोन्ही हात घालून त्यांचं मनगट धरलं. माझी कॉफी सांडली, प्लेट फुटली.

"पेटवू नकोस," मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा मी नणंदेला अगंतुगं केलं. "गॅस सुटलाय. टाक ते खाली."

त्यांनी लायटर टाकला नाही. त्यांची बोटं उघडतच नव्हती. मी एकेक बोट सोडवून तो काढून घेतला.

मालक धावत आला, शेगडीचं बटण बंद केलं, मागचं दार सताड उघडलं. वाढप्याने सगळ्यांना बाहेर फुटपाथवर काढलं. लहान मुलं टोस्ट हातात घेऊनच गेली. मी त्यांना मोजत बसले. अकरा मुलं होती. मला दुसरं काही सुचत नव्हतं.

"तुला वास आला नाही?" मालकाने वन्संना विचारलं. "तुला?"

मी तोंड उघडलं. सर्दीची थाप माझ्या जिभेवर तयार होती. पण वन्संनी माझ्याकडे पाहून मान हलवली.

"मला तीन आठवडे कसलाच वास येत नाही," त्या म्हणाल्या. "लपवलं मी."

मालक रिकाम्या क्रेटवर बसला. फुटलेल्या प्लेटचा एक तुकडा उचलून त्याने बाजूला ठेवला. मग म्हणाला, "शेगडीपाशी उभं राहायचं नाही. नाक येईपर्यंत खिडकीवर प्लेटा बघ. नाही आलं तर तेव्हा बोलू." ओरडला असता तर बरं झालं असतं. वन्संनी एप्रन काढला, त्याची घडी घातली आणि कुठे ठेवावा ते न कळून माझ्या हातात दिला.

मी त्यांना घरी पोचवायला निघाले. शिंप्याच्या दुकानाशी, जिन्याच्या पहिल्या पायरीवर थांबल्या.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "रोज सकाळी सहाला मी वर गॅस पेटवते. तीन आठवडे पेटवतेय. एकटीच असते."

अंड्यांचा विचार केला होता आम्ही, मालकाचा केला होता, गिऱ्हाइकांचा केला होता. ही गोष्ट दोघींच्याही डोक्यात आली नव्हती. त्या रात्री त्या आमच्याकडेच झोपल्या, म्हणजे पडून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना स्वतःच्याच घरी चहा करून प्यायचा होता. हट्टच तो. सहाला आम्ही जिना चढलो. त्यांना दाराबाहेर उभं करून मी आधी आत गेले. खिडकी उघडली, शेगडीशी वाकले, बटणं तपासली, नाक खुपसायची सगळी हौस भागवून घेतली. काही नव्हतं. फक्त मोरीत एक पातेलं होतं.

"वन्सं," मी आतून म्हटलं, "परवाचं दूध लागलंय."

 मी दाराशी जाऊन पाहिलं, तर त्या चौकटीला धरून उभ्या होत्या आणि आत यायला त्यांचं पाऊल उचलत नव्हतं.

"तू म्हणशील तेव्हाच पेटवीन," त्या म्हणाल्या. "उद्याही येशील ना?"