गोळ्यांचं सांगू नको

गोळ्या सोड असं मी तिला कधीच म्हटलं नव्हतं. हे वाक्य मी त्या वर्षी इतक्या जणांना ऐकवलं, की समोरच्यानं काही विचारायच्या आधीच ते माझ्या तोंडून निघायचं. वाक्य खरं आहे. पण त्याच्या आडोशाला किती दिवस बसायचं, म्हणून हे लिहायला घेतलं.

आमचं गाव अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं, इटियाडोह धरणाच्या कालव्याखालचं. मी बौद्ध घरातली. लग्न झाल्यावर माझं पहिलं बाळ मेलेलंच जन्मलं, तेव्हा शेजारच्या गल्लीतली एक ख्रिस्ती बाई महिनाभर रोज दुपारी माझ्याजवळ येऊन बसली. तांदूळ निवडून द्यायची, डोक्याला तेल लावायची आणि निघताना दोन वाक्यांची प्रार्थना करायची. येशूबद्दल तिनं मला फारसं सांगितलंच नाही. शेवटी मीच विचारलं. मी सभेला जाऊ लागल्याचं आईला कळलं तेव्हा ती म्हणाली, “तुह्या आज्यानं घरातले सारे देव तळ्यात बुडवले, अना तू पुन्हा एक धरून आणला काय?” मी हसले. आई हसली नाही.

त्या शेजारणीला मी ताई म्हणते. आमची मंडळी म्हणजे सगळी मिळून चौदा-पंधरा माणसं. सभा माझ्याच घरी भरायची, शिलाई मशीन भिंतीला सरकवून. पास्टर गोंदियाहून महिन्यातून दोनदा मोटरसायकलनं यायचे आणि अर्धं हिंदी, अर्धं मराठी बोलायचे. एरवी आमचे आम्हीच. दर गुरुवारी दुपारी ताई आणि मी घरोघर फिरायचो. पिशवीत शुभवर्तमानाच्या पातळ पुस्तिका असायच्या आणि पाण्याची बाटली.

लोक वाईट नव्हते. खाटेवर बसवायचे, पाणी द्यायचे, ऐकून घ्यायचे. मग एखादी म्हातारी विचारायची, “पण तुमचा देव करते काय?” ताई म्हणायची, “सोबत राहते.” ताईला ते उत्तर पुरायचं, मला पुरायचं नाही. परत येताना मी तिच्यावर चिडचिड करायची. सोबत तर शेजारीपाजारीही राहतात, त्यासाठी कोण धर्म बदलेल? मला दाखवण्यासारखं काहीतरी हवं होतं. लोकांच्या डोळ्यांपुढे धरता येईल असं.

आमच्यात साक्ष द्यायची रीत आहे. ज्याच्या आयुष्यात देवानं काही केलं, त्यानं सभेत उभं राहून, उजवा हात वर करून, ते आपल्या तोंडानं सांगायचं. या साक्षीची तयारी करून घेणं माझ्याकडे होतं. माणसं बोलायला उभी राहिली, की बैल कुणाकडून आणला इथपासून सुरुवात करतात आणि मूळ गोष्ट राहूनच जाते. म्हणून आदल्या दिवशी मी त्यांना समोर बसवून एकदा सगळं बोलायला लावायची आणि नको ते काढून टाकायची. शिवणकाम करणारी बाई मी. जास्तीचं कापड दिसलं की हात कात्रीकडे जातो. माझ्या हाताखालून गेलेली साक्ष पाच मिनिटांत आटपायची. त्याबद्दल पास्टर माझं कौतुक करायचे आणि मला ते आवडायचं.

जिच्याबद्दल लिहायला बसले ती कालव्यापलीकडच्या टोलीवरची, जंगलाला लागून असलेल्या गोंड वस्तीतली. बावीस-तेवीस वर्षांची असेल, एका लहान मुलीची आई. तिला मिरगी, म्हणजे फेफरं, यायची. एकदा चुलीवर पडली होती, त्याचा डाग मनगटापासून कोपरापर्यंत होता. घरच्यांनी पुजाऱ्याकडून सगळे उपाय करून पाहिले होते. सासू तिला विस्तवाजवळ जाऊ द्यायची नाही, विहिरीवर पाठवायची नाही, आणि घरात कामाची नसलेली सून कशी वागवली जाते ते वेगळं सांगायला नको. एका बाजाराच्या दिवशी ती रस्त्यातच झटका येऊन पडली. लोक लांब सरकले. ताई तिचं डोकं मांडीवर घेऊन धुळीत बसून राहिली, ती शुद्धीवर येईपर्यंत.

तिथून आम्ही दर गुरुवारी टोलीवर जायला लागलो. तिच्यासाठी उपास केले, प्रार्थना केली. ताईनं आणखी एक केलं, तिला ग्रामीण रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ, आणि बजावलं की मनानं बंद करायच्या नाहीत. पुढच्या गोळ्या दर महिन्याला उपकेंद्राच्या नर्सबाईंकडून मिळू लागल्या. एक महिना झटका आला नाही. मग दोन, मग चार. सासूनं तिला चुलीपुढे बसू दिलं. पहिल्यांदा भात रांधला त्या दिवशी ती आम्हाला बोलवायला कालवा ओलांडून पळत आली होती.

तिच्याबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. तिला खोटं बोलताच यायचं नाही. एकदा सभेत मी विचारलं, या आठवड्यात रोज प्रार्थना कोणी कोणी केली? सगळ्यांचे हात वर गेले. हिचा खाली. म्हणाली, “मी नाय जी. तीन दिवस मी झोपून गेली.” सगळे हसले आणि हात वर केलेल्यांतले दोघं-तिघं जरा खाली बघू लागले. त्या वेळी मलाही गंमतच वाटली.

धान घरात आल्यावर, जानेवारीत, गावात जाहीर सभा ठेवली. मंडप घातला, भोंगा लावला, टोलीवरच्या घराघरांत निरोप दिला. तिची साक्ष ठेवायची हे माझ्या डोक्यात कधीपासून होतं. आदल्या दिवशी दुपारी तिला समोर बसवलं. ताई बाजूला शिवलेल्या ब्लाउजांना हूक लावत होती.

ती म्हणाली, “मले मिरगी येत होती. ताईनं दवाखान्यात नेलं. डाक्टरनं गोळ्या देल्ल्या. मी गोळ्या खाऊन राहिली अना आपण सारे प्रार्थना करून राहिलो. आता मिरगी येत नाय. येशूनं मले बरं केलं.”

मी म्हटलं, “छान. फक्त गोळ्यांचं सांगू नको.”

“काऊन जी?”

“लोक म्हणतील, गोळ्यांनीच बरी झाली. मग येशूनं काय केलं?”

तिनं जरा विचार केला. “पण गोळ्या तं मी खाऊन राहिली.”

“खा ना! खाऊ नको असं कोण म्हणतंय? फक्त सांगू नको.”

ताई मान वर न करता म्हणाली, “सांगू दे ना तिले. जसं झालं तसं सांगू दे.” मी तिच्यावर खेकसले, की तुझ्या ‘सोबत राहते’नं आजवर किती लोक आले ते मोज आधी. ताईनं पुढचा हूक लावायला घेतला. मग त्या पोरीनं उभं राहून साक्ष पुन्हा म्हणून दाखवली, गोळ्या वगळून. दोन वाक्यं कमी झाली होती. मला ती फार सुटसुटीत वाटली.

दुसऱ्या दिवशी तिनं भाजलेला तोच हात वर केला. भोंग्यातून तिचा आवाज पार कालव्यापर्यंत गेला. तिला गावानं रस्त्यात पडलेलं पाहिलं होतं, त्यामुळे कोणी खाकरलंसुद्धा नाही. पुढच्या गुरुवारी टोलीवरच्या पाच घरांनी आम्हाला आत बोलावलं. पास्टर खूश झाले. ‘हमारी बहन की गवाही’ म्हणून त्यांनी उन्हाळ्यात तिला आणखी दोन गावांना नेलं. तिथंही तिनं हात वर करून तेच सांगितलं. मी बरोबर होते. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत माझे पाय जमिनीवर नव्हते.

रोवणा, म्हणजे धानाची लावणी, सुरू झाला. चिखलाच्या वाटेनं टोलीवर जाणं अवघड होतं आणि माझ्याकडे शाळेच्या गणवेशांची घाई होती. तीन गुरुवार मी गेले नाही. ताई एकटी जाऊन आली आणि म्हणाली, “पोरगी सुकून राहिली. काही बोलत नाय.” मी म्हटलं, रोवण्यात कोणीही सुकतं.

त्यानंतरच्या आठवड्यात ती गेली. बाया एका बांधीत, बांध घालून पाणी अडवलेल्या खाचरात, रोवत होत्या आणि ती पलीकडच्या बांधीतून धानाच्या रोपांच्या पेंढ्या आणायला गेली. बराच वेळ झाला तरी आली नाही म्हणून एकजण पाहायला गेली. ती चिखलात पालथी पडली होती. पाणी घोट्याच्या जरासं वर होतं. तेवढ्या पाण्यात माणूस जातं हे मला पटायला फार दिवस लागले. टोलीवरच्यांनी तिला त्यांच्या रीतीनं पुरलं. आम्ही सगळे मसणवट्याच्या कुंपणाबाहेर उभे होतो. कोणी आम्हाला या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही.

दोन दिवसांनी नर्सबाई माझ्या दारात आल्या, बसल्यासुद्धा नाहीत. “तिनं गोळ्या काऊन बंद केल्या? मेपासून माझ्याकडं आली नाही. मला वाटलं, मोठ्या दवाखान्यातून आणून राहिली असंल.” गोळ्या सोड असं मी तिला कधीच म्हटलं नव्हतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा म्हणाले. त्या सायकलवर बसून निघून गेल्या.

खरं काय ते मला तिच्या नवऱ्याकडून कळलं. मी टोलीवर गेले तेव्हा तो ओसरीत बसला होता, मुलगी मांडीवर झोपली होती. त्यानं आढ्यात खोचलेलं एक फडकं काढलं. आत गोळ्यांच्या अख्ख्या पट्ट्या होत्या. तो रागानं बोलला असता तर बरं झालं असतं. तो समजावून सांगितल्यासारखं बोलला.

“मी म्हनलं तिले, गोळी खा. ती म्हने, मी हात वर करून सांगतलं का येशूनं बरी केली म्हनून. आता लपून गोळी खाल्ली तं मी खोटी पडते. तीन गावात खोटी पडते. मी म्हनलं, मंग बाईले विचार. तं ती म्हने, बाईनंच सांगतलं, गोळ्याचं नाव घेऊ नको.”

मी दोन वाक्यं काढली होती. तिनं उरलेली साक्ष खरी करायला घेतली. आमच्यातल्या दुसऱ्या कुणीही असं केलं नसतं. आम्ही सगळ्यांनी सभेत हात वर केला असता आणि घरी येऊन गुपचूप गोळी घेतली असती. मी तर नक्कीच घेतली असती.

पुढच्या सभेला पास्टर आले. डोळे पुसून म्हणाले, आपली बहीण विश्वासात स्थिर राहून झोपी गेली. त्यांना गोळ्यांचं माहीत नव्हतं. ताईला माहीत होतं, मीच सांगितलं होतं. ती माझ्या तोंडाकडे पाहत होती. मी गीताचं पुस्तक उघडून पानं चाळत राहिले.

महिनाभरानं, एका शनिवारी दुपारी, तिचा नवरा माझ्या घरी आला. ती असताना तोही तिच्यासोबत सभेला येऊन बसायचा. उद्याच्या सभेत त्याला साक्ष द्यायची होती, तिच्याबद्दल. आमच्या रीतीप्रमाणे तो तयारीला आला होता. मुलीला दारात बसवून तो मशीनसमोर खाली बसला आणि विचारलं, “गोळ्याचं सांगू का नको सांगू जी?”

मला वाटलं हा टोमणा मारतोय. वर पाहिलं तर तसं काही नव्हतं. त्याला खरंच माझ्याकडून शिकून घ्यायचं होतं. मी म्हटलं, “सांग. सगळं सांग.”

“अना तुमचं?”

मशीनमध्ये अर्धी शिवण होती, ती पुढे सरकवली आणि पायडल मारत राहिले. शिवण संपली तरी मारत राहिले. मग उठताना तो म्हणाला, “राहू द्या. तुमचं नाय सांगत.” त्याला माझी दया आली होती. ज्याची बायको माझ्या शहाणपणापायी गेली, त्याला.

रविवारी तो उभा राहिला. हात वर करून त्यानं सगळं सांगितलं: मिरगी, ताई, दवाखाना, गोळ्या, बंद केलेल्या गोळ्या, बांधी. मंडळींत बाया रडू लागल्या. “तिनं साक्षीत गोळ्याचं नाव घेतलं नाय,” तो म्हणाला आणि थांबला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी तेव्हा उठायला हवं होतं. मधे फक्त दोन माणसं बसली होती, वाटेत काहीच नव्हतं. तो माझ्यासाठी थांबलाय हे मला कळत होतं. मी बसून राहिले. मग तो मला वगळून पुढे बोलू लागला. त्याचं बोलणं संपल्यावर सगळ्यांनी आमेन म्हटलं, आणि मीही म्हटलं, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं.