परड्यातलं कोर्ट मी सारवलं

बॅडमिंटनचं कोर्ट सारवायचं नसतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. (सारवायचं असतं, असंही कुणी सांगितलं नव्हतं. ते मी आपलं मनानंच केलं.)

गोष्ट आमच्या कळंब्याच्या घरातली, माझी थोरली संगी नववीत होती तेव्हाची. शाळेच्या बॅडमिंटन संघात तिचं नाव आलं आणि त्याच आठवड्यात शाळेनं खोल्या बांधायला मैदान खणून ठेवलं. आता सराव कुठं? सर म्हणाले, गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एक मैदान आहे, तिथं पहाटे पाचला यावं लागेल. आमचे हे म्हणाले, "पोरगी अंधारातनं एकटी जायाची न्हाय." झालं! संगीनं जेवण सोडलं. दोन दिवसांत ह्यांचाच जीव कासावीस झाला आणि ते सरांना सांगून आले, "आमचं परडं मोप हाय. तिथंच कोर्ट करतो. पुढच्या रविवारी येऊन बघा."

सरांनी कागदावर कोर्टाचं चित्र काढून दिलं आणि बजावलं, "जमलं तर सगळ्या पोरी तुमच्याकडंच सराव करतील. नाही जमलं तर संगीच्या जागी दुसरी मुलगी घ्यावी लागेल."

म्हणजे सगळं त्या परड्यावर आलं! आणि घरामागच्या त्या परड्यात काय होतं? माझी पाणी तापवायची चूल, कोंबड्यांचं खुराडं आणि मिरच्या वाळवायची जागा. चूल हलली, खुराडं हललं. वर्षाच्या चटणीच्या मिरच्या कुठं वाळवायच्या, हे विचारायचं चार वेळा ओठांवर आलं, पण मी मोठ्यानं बोलणारी बाई नव्हे. मिरच्या गपगुमान छपरावर गेल्या.

ह्यांनी आठ दिवस खपून जमीन खणली, भिजवली, धुमसानं ठोकून सपाट केली. शनिवारी संध्याकाळी दोऱ्या ताणून पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारल्या. शेवग्याचं झाड आणि न्हाणीजवळचा खांब यांना जाळी बांधली. रेघा बघून मी चक्रावलेच. चौकोन, त्याच्या आत चौकोन, कडेनं आणखी एक रेघ!

"एवढ्या रेघा कशाला हो?" मी हळूच विचारलं.

"एकटं खेळायचं तर आतल्या, दोघं-दोघं खेळायचं तर भायरच्या."

"एकटं खेळायचं म्हंजे कुणासंगं?"

"तू आत जा बघू!"

मी आत गेले.

रविवारी सकाळी हे आणि संगी सरांना आणायला स्टॉपवर गेले. मी परड्यात आले तर आत्ती, म्हणजे माझ्या सासूबाई, कमरेवर हात ठेवून उभ्या.

"पावणं येणार, आन् हे असलं धुरळ्याचं परडं दावणार व्हय गं?"

"पण आत्ती, त्यावर रेघा हायत."

"मग? रेघाच हायत न्हवं? पुन्ना काढ की! हात मोडलाय काय?"

हे मात्र मला लागलं. चौथीत शाळा सुटली खरी, पण रांगोळीत आमच्या गल्लीत माझा हात कुणी धरत नाही. एकदा बघितलेली रांगोळी मी विसरत नाही. शेजारच्या हौसाक्काच्या गोठ्यातून दोन घमेली शेण आणलं, कालवलं आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत परडं सारवून काढलं. आरशासारखं! मग रांगोळीचा डबा घेऊन उभी राहिले, आणि डोक्यातलं चित्र पार पुसलेलं! (रेघांबरोबरच सारवलं गेलं असावं.) सरांचा कागद ह्यांच्या खिशात.

"मधी आडवी एक व्हती," आत्ती म्हणाल्या.

"दोन व्हत्या वाटतं."

"मग तीन काढ. कमी नको पडाया!"

तीन काढल्या. उभ्या किती होत्या ते दोघींनाही आठवेना, म्हणून परड्यात मावतील तेवढ्या काढल्या. तरी कोपरे मोकळे दिसायला लागले. तिथं गोपद्मं काढली. जाळीखाली आठ पाकळ्यांचं कमळ काढलं. आत्तींनी, पोरीचं चांगलं होऊ दे म्हणून, त्यावर हळदकुंकू वाहिलं. दाराशी 'सुस्वागतम' लिहून मी हात धुतले, तोवर मंडळी आलीच.

पुढं हे, मागं सर, त्यांच्या मागं संगी आणि चार पोरी. सगळे दारातच थांबले. ह्यांनी खिशातला कागद काढला. कागदाकडं बघितलं, जमिनीकडं बघितलं, पुन्हा कागदाकडं बघितलं.

"कोर्ट कुठं हाय?"

"हेच की," मी पदरात पुटपुटले.

"उतरा गं खाली," सर पोरींना म्हणाले. एकही हलेना.

"सर, रांगोळीवर पाय कसा ठेवायचा?"

"खुळ्या हाय काय!" म्हणून सरांनी स्वतः पाय उचलला, आणि नेमकं त्यांना जाळीखालचं हळदकुंकू दिसलं. पाय मागं आला. त्यांनी बूट काढले आणि कागद घेऊन कडेला मांडी घालून बसले. पांढरे कपडे, अनवाणी पाय, समोर रांगोळी, हातात कागद! कुंपणावरून हौसाक्का डोकावल्या, गायब झाल्या आणि नारळ घेऊन आल्या. सरांपुढं नारळ ठेवून वाकून नमस्कार!

"भटजी, पूजा कवा हाय?"

"अहो बाई, मी खेळाचा शिक्षक आहे!"

"खेळाचं बी भटजी असत्यात व्हय गं?" हौसाक्कानं मला विचारलं. सगळे माझ्याकडं बघायला लागले. एवढ्या माणसांनी बघितलं की माझी जीभ टाळूला चिकटते. मी नुसती मान हलवली. ती उभी हलली की आडवी, मला आजही सांगता येणार नाही. पण थोड्याच वेळात आणखी तीन बायका नारळ घेऊन हजर झाल्या!

तेवढ्यात संगीचा आवाज आला. "आई, आता दुसऱ्या मुलीला घेतील गं." तिचे डोळे भरले होते.

मग मला काय झालं कळलं नाही. केरसुणी उचलली आणि सगळ्यांदेखत माझ्याच रांगोळीवर उभी राहिले. कमळ झाडलं, गोपद्मं झाडली, आडव्या-उभ्या सगळ्या रेघा झाडल्या. बायका "अगंबाई!" करत राहिल्या. मी शेवग्यापर्यंत झाडत गेले आणि लाजून झाडामागंच उभी राहिले.

एव्हाना उन्हानं जमीन वाळली होती. सर आत उतरले. त्यांनी पाय आपटला. पुन्हा आपटला. कडेकडेनं पळून बघितलं.

"पाटील, धुरळा अजिबात नाही की! हे कुणी केलं?"

झाडामागून मी कशाला बोलते?

"रोज असं सारवून मिळालं तर सराव इथंच," सर म्हणाले.

"मिळंल की! त्यात काय!" हे छाती काढून म्हणाले. (सारवणार कोण, हे त्यांनीही विचारलं नाही.) मग कागद बघून ह्यांनी फक्कीच्या रेघा मारल्या, पोरी खेळल्या आणि चारही नारळ फोडून खाल्ले.

असा महिनाभर सराव चालला. शाळेच्या संघात आमच्या घरातल्या दोघी होत्या. संगी खेळायला आणि मी सारवायला.

सामन्याच्या दिवशी मीही गेले. केवढा मोठा हॉल! खाली गुळगुळीत फळ्यांची जमीन, धुळीचा कण नाही. मी वाकून बोट फिरवलं आणि संगीच्या कानात विचारलं, "हे रोज कोण गं सारवतं?"

"आई, गप बस!"

बसले. पण खरं सांगते, कोपरे लई मोकळे दिसत होते.