बिनचिठ्ठीचे डबे

फोन आला तेव्हा मी कट्टा गावच्या बाजारात होते, हातात यादी. शेवटची ओळ : ‘मावशी – घावनाचे तांदूळ’. देवबागहून शेजारीण सांगत होती, सुमनमावशी दुपारी पडवीत आडवी झाली ती उठलीच नाही... मी ‘बरं’ म्हटलं आणि सवयीने तांदूळ घेतले.

मावशी ऐंशीच्या पुढची, एकटी; आठवड्यातले दोन-तीन दिवस मी तिच्याकडे राही. तिच्या पडवीत एका कानाला समुद्र लागायचा, दुसऱ्या कानाला खाडी. डोळे मिटून ती सांगायची, पाणी चढतंय की उतरतंय. दुपारी तिच्या शेजारी पडलं की घरच होडीसारखं हलतंय असं वाटे. नावं मात्र ती सतत विसरायची आणि खुशाल हसायची. “ल्हान आसताना पण मी इसरत होतंय गो. तेव्हा आवस थापट मारी.” आवस म्हणजे तिची आई.

मला हसू येत नसे. पन्नाशी ओलांडल्यापासून एखादं नाव आठवलं नाही, तर ते आठवेपर्यंत मला दुसरं काही सुचत नाही. एकदा तिची पेज उतू जाऊन करपली आणि मी ठरवून टाकलं, स्मृतिभ्रंशाची सुरुवात झाली. तिचं प्रत्येक विसरणं तारखेसह वहीत लिहू लागले. त्याच आठवड्यात मी एसटीत छत्री विसरले होते. ती वहीत गेली नाही.

मग स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. महिन्याभरात मावशी चष्म्याशिवाय डबा उघडेना. “बाय, मीठ घातलंय मी?” असं विचारू लागली. पाण्याचं विचारलं तर म्हणे, “तूच बघून ये. माका काय कळता आता?” मला वाटलं, वहीतलं खरं ठरतंय.

एका सकाळी घावन तव्याला चिकटून तुटत राहिले. मी पीठ चिमटीत घेतलं. भरड, मेथीच्या वासाचं... वड्याचं पीठ! घावनाच्या आणि वड्याच्या पिठाच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल मीच केली होती.

“मावशे, तुझ्या हाताक कळला नाय?”

“कळला गो. पण तू लिवलेला. माका वाटला, माजो हातच चुकलो.”

मी एकेक चिठ्ठी ओढून काढली, ओल्या फडक्याने डिंक पुसला. ती बघत होती. “एक ऱ्हवांदे माज्या कपाळार. नायतर तूच इसरतलंस, मी कोण ती.” दोघी हसलो. मग आधी तिला, नंतर मला रडू आलं. वही मी चुलीत घातली.

नावं ती पुढेही विसरली. पण मिठाचं विचारायची थांबली, आणि पडवीतून हाक येऊ लागली, “पाणी फिरला गो!”

आता ती जाऊन सव्वा महिना झाला. त्या दिवशी बाजारात घेतलेल्या तांदळाचं पीठ दळून तिच्याच डब्यात भरलंय. शेजारणीचं नाव काल मला पटकन आठवेना... आठवेल. डोळे मिटून डब्यात हात घालते. पीठ मऊ, गार. एका कानाला समुद्र, दुसऱ्या कानाला खाडी. पाणी चढतंय, बहुतेक.