भास्करमामांचा हार

कोणाच्याही घरी गेले की भास्करमामा आधी अल्बम मागत, मग पाणी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर राजापेठेतल्या घरी त्यांनी स्कॅनर आणला आणि नात्यातले सगळे जुने फोटो संगणकात घालायचा ध्यास घेतला. नोकरीत साधी फाइल न हलवणारा हा माणूस पहाटे उठून फोटोंवरची धूळ पुसू लागला. "मानूस जाते, फोटोले काय होते?" हे त्यांचं वेदवाक्य.

जो वारला, त्याच्या फोटोला ते संगणकावरच झेंडूचा हार घालत आणि नातलगांच्या ग्रुपवर टाकत. हार सगळ्यांना एकच. आमच्या ठेंगण्या आजोबांना तो गुडघ्यापर्यंत आला. मी म्हटलं, "मामा, जरा लहान करा ना."

"काहून? ते का तक्रार करून राहिले?"

एका सकाळी ग्रुपवर कमळामावशीच हारासकट आली. मामांची थोरली सख्खी बहीण, अंजनगाव सुर्जीची. तिच्या मुलाच्या लग्नात नवरदेवाच्या मामाला टोपी-दुपट्टा द्यायचा राहून गेला, तेव्हापासून मामा तिचं तोंड पाहत नव्हते. आईला रडू आवरेना. फोन करून खात्री करावी हे कोणालाच सुचलं नाही. मातीला पोचायची घाई! आम्ही अकोल्याहून निघालो, धामणगावची मंडळी गाडी करून आली. मावशी अंगणात तूर पाखडत बसली होती.

"कोनाच्या मातीले निंगाले रे सारे?"

शेवटी मीच मोबाइल पुढे केला. तिने हारासकटचा आपला फोटो पाहिला. मी तिथूनच मामांना फोन लावला. चूक झाली म्हणतील, असं वाटलं होतं.

"चूक कायची? माह्यासाठी ते कवाचीच मेली."

मामांचा खडा आवाज फोनबाहेर आला; मावशीने ते ऐकलं. "मरनाची खोटी बातमी आली त आयुष्य वाढते म्हनते," असं म्हणून तिने सगळ्यांना जेवू घातलं. स्वतः घास घेतला नाही. मला मामांचा असा संताप आला की आजही तो पुरता गेलेला नाही. एका टोपीपायी!

तिचं आयुष्य खरंच वाढलं. गेले मामाच, यंदाच्या उन्हाळ्यात, अबोला तसाच ठेवून. साऱ्या गोताचे फोटो जमवणाऱ्या माणसाचा स्वतःचा एकही धड फोटो घरात सापडेना. मावशी आली ती पदराखाली एक फोटो घेऊन, मामांना कधीच न दिलेला. परकरातली ती, आणि तिच्या कडेवर शेंबडे मामा, तिच्या गळ्याला मिठी मारून. नुसते मामा वेगळे काढायला जागाच नव्हती. फुलांचा हार हातात धरून मामी अडखळली. घालावा तर तो दोघांच्याही गळ्यात पडत होता.

"घाल वं," मावशी म्हणाली. "मले त त्यानं अदीच घातला हाय."