भुऱ्यामामांचं कोर्टातलं नाव

कोथिंबिरीचे पैसे देताना फोनवर नाव उमटलं. ते मी सहज मोठ्यानं वाचलं, ‘‘दत्तात्रय नामदेव काळे!’’ आणि समोर भाजी मांडून बसलेले म्हातारे भुऱ्यामामा हात जोडून ताडकन उभे राहिले.

आमच्या गावचं कोर्ट पूर्वी भर बाजारात होतं. शिपाई व्हरांड्यात येऊन तीनदा पुकारा करायचा, तेव्हा खाली वांग्यांचा भाव ओरडणारेसुद्धा गप्प व्हायचे. एकदा कुणाचा तरी तराजू चोरीला गेला आणि मामांना साक्षीचं समन्स आलं. तारखेला ते व्हरांड्याखालीच बसले होते, ‘भुऱ्या हाजिर हो’ कधी होतंय याची वाट बघत. दत्तात्रयाचा पुकारा झाला, तसे ते शेजाऱ्यावरच खेकसले, ‘‘कोण रे हा काळे? जा की, साहेब खोळंबलेत!’’

शेवटी वॉरंट निघालं. हवालदारानं मात्र बाजारात येऊन ‘‘ए भुऱ्या!’’ एवढंच म्हटलं आणि फरार आरोपीच्या आधी साक्षीदार सापडला.

गरिबाचं पूर्ण नाव आयुष्यात घेतं तरी कोण? एक शाळा, नाहीतर कोर्ट. शाळेत मामा गेलेच नव्हते.

आता कोर्ट गावाबाहेर गेलंय. पुकारा बाजारापर्यंत पोचत नाही.

‘‘बसा हो मामा,’’ मी ओशाळून म्हणालो, ‘‘मी नुसतं वाचलं.’’

‘‘वाचा की,’’ मामा उभ्याउभ्याच म्हणाले, ‘‘पण तिसऱ्या पुकाऱ्याच्या आत उठलेलं बरं.’’